दोराएवढी गोष्ट

यंदा विहिरींचं पाणी खाली गेलं आणि दोरवाल्यांच्या गल्लीतलं काम वर आलं. हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दुसऱ्याची बादली पाण्याला टेकत नाही म्हणून आपली चूल नीट पेटते, हे तोंडानं कसं म्हणायचं? पण खरं तसंच होतं. ज्यांचे दोर बारा वावांचे होते ते अठराचे मागत होते, अठराचे होते ते पंचविसाचे. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर. गल्लीत सगळं याच मापानं चालायचं. "चारेक वावांवर राहतो तो," असं शेजाऱ्याचं घरसुद्धा सांगायचे.

गल्ली सरळ होती. दोर वळायला सरळ जागा लागते, म्हणून कुणीतरी कधीतरी ती तशी आखली असणार. एका टोकाला भिंगरीच्या घराचा ओटा आणि ओट्यापुढं जमिनीत रोवलेलं लाकडी चाक. दुसऱ्या टोकाला लोहाराची भट्टी. मध्ये चाळीस वाव मोकळी जमीन, तुडवून तुडवून गुळगुळीत झालेली.

उजाडलं की भिंगरीचा बाप कमरेभोवती वाखाचा, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा, भारा गुंडाळायचा. त्यातले चिमूटभर तंतू चाकाच्या आकड्याला अडकवायचा आणि म्हणायचा, "हं." भिंगरी दांडा फिरवायला लागली की तो मागं मागं चालायला लागायचा. पाठ लोहाराकडं, तोंड लेकीकडं. बोटांतून वाख सुटत जायचा आणि त्याला पीळ बसत जायचा. असा एक पेड झाला की परत चाकाशी येऊन दुसरा, मग तिसरा. तीन पेड एकत्र वळले की दोर. वीस-पंचवीस वर्षं तो असा उलटा चालत होता, म्हणून गल्ली त्याला उलटेच म्हणायची. "काय उलटे, आज कुठवर?" असं कुणी विचारलं तर तो रागवायचा नाही. सरळ चालताना त्याला जास्त ठेचा लागतात, असं भिंगरीची आई सांगायची. त्यात थोडं मीठमसाला असेल.

आई ओट्याच्या सावलीत खिळ्यांच्या फळीवर वाख विंचरायची. आजी दोरांची टोकं बांधायची. आजीच्या डोळ्यांत आता फारसं काही उरलं नव्हतं, पण बोटांना सगळं दिसायचं. दोराचा तुकडा हातात दिला की तो कुणी वळलाय, कुठल्या ऋतूत वळलाय आणि वळताना घरात भांडण झालं होतं का, हे ती सांगायची.

भिंगरी सात वर्षांची, दुसरीत. पटावर तिचं दुसरंच नाव होतं, पण चाकावर बसली त्या दिवसापासून ती भिंगरी झाली. चाक एका लयीत फिरावं लागतं. जोरात फिरलं तर पेडाला गाठी पडतात, हळू फिरलं तर तो पोकळ राहतो. लय राहावी म्हणून दांड्याबरोबर काहीतरी म्हणायची गल्लीची रीत होती. आधीची मुलं नुसते आकडे म्हणत. भिंगरी शाळेत जायला लागली तशी ती पुस्तक म्हणायला लागली.

"ही आमची बकरी." दांडा वर. "बकरी पाला खाते." दांडा खाली. "बकरी उडी मारते. बकरी पळून जाते."

पुस्तकात चोवीस धडे होते. दोर लांब झाले तसे धडेही पुढं सरकले. पलीकडच्या दोन चाकांवरची मुलं तेच ऐकून तेच म्हणायला लागली, त्यांच्याकडून त्यांच्या बाकावरची शिकली. वर्ष संपत आलं तेव्हा दुसरीच्या वर्गात एकही मूल असं नव्हतं, की ज्याला पुस्तक येत नव्हतं. बाईंना अभिमान वाटायचा. बाई म्हणजे शाळेच्या एकट्या शिक्षिका. चाळिशीच्या, डाव्या कोपराला कायम खडूची पांढरी पूड. धडा सांगितला की मूल वाचतं, एक अक्षर न चुकता! त्यांनी स्वतःहून तपासनिसांना पत्र लिहिलं, की एकदा येऊन आमची मुलं बघा.

तपासनीस आले ते सायकल ढकलत, घामाघूम. शाळेच्या मडक्यातलं पाणी दोनदा प्यायले. मग खुर्चीत बसून म्हणाले, "हं, वाचा कुणीतरी."

बाईंनी भिंगरीला उठवलं. भिंगरीनं पुस्तक उघडलं आणि सतरावा धडा वाचला. तिचा एक हात पुस्तकाला होता आणि दुसरा मांडीजवळ हळूहळू गोल फिरत होता. एकदाही अडली नाही. बाईंनी साहेबांकडं पाहिलं. साहेब मात्र भिंगरीच्या पुस्तकाकडं पाहत होते. तिनं बाविसावा धडा उघडला होता.

"त्या पेटीत काय आहे?" त्यांनी विचारलं.

कोपऱ्यात पत्र्याची पेटी होती. तिच्यात वीस गोष्टींची पुस्तकं होती. वर्षापूर्वी बाईंनी यादीवर सही करून ती घेतली होती आणि घेतली तशी कुलपात ठेवली होती. किल्ली त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती. त्यांनी कुलूप काढलं. पुस्तकं इतकी कोरी होती, की पानं एकमेकांना चिकटलेली.

साहेबांनी वरचंच एक उचललं आणि भिंगरीपुढं धरलं. आत रंगीत चित्रं होती, चित्राखाली दोन-दोन ओळी. भिंगरीनं चित्राकडं पाहिलं, ओळींकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं. मग श्वास घेतला आणि म्हणाली, "ही आमची बकरी. बकरी पाला खाते."

चित्रात गाढव होतं.

साहेबांनी दुसऱ्या मुलाला उठवलं. त्यानंही बकरीच वाचली. तिसऱ्याला उठवायची गरज उरली नाही. वर्गात कुणी हसलं नाही, कारण काय चुकलं हे मुलांना कळलंच नव्हतं. बाईंना कळलं होतं. त्यांचे कान लाल झाले.

साहेब काही दुष्ट नव्हते. जाताना ते व्हरांड्यात हळूच म्हणाले, "बाई, पहिली-दुसरी चालवायला दिलंय ते मुलं वाचायला लागावीत म्हणून. मी महिन्यानं येतो. तोवर नाही जमलं तर हे दोन वर्ग टेकडीपलीकडच्या मोठ्या शाळेला जोडावे लागतील. माझ्या हातात फार काही नाही."

टेकडीपलीकडची शाळा म्हणजे सात वर्षांच्या पायांना दीड तास जायला, दीड तास यायला.

त्या संध्याकाळी भिंगरी जेवायला आली नाही. ओट्यावर दोराचं मोठं वेटोळं घालून ठेवलेलं असायचं. रुसली की ती त्याच्या मधोमध जाऊन बसायची, तशी बसली होती. फक्त डोकं दिसत होतं.

"टेकडीपलीकडं?" बाप म्हणाला. "मग चाक कोण फिरवणार? आधीच शाळेपायी दुपारचं काम बुडतंय. तिकडं पाठवायची तर दिवसच गेला. नाही जमायचं ते. इथं वर्ग राहिला तर जाऊ दे, नाहीतर बस झालं."

"तुम्हाला चाकाचीच पडलीय," आई म्हणाली.

"चाकावर जेवतो आपण."

"जेवतो ना. पण पोरगी काय चाकाला जोडून जन्माला घातली मी?"

"मी तसं म्हटलं का?"

"म्हणायचं काय राहिलंय!"

आजी वेटोळ्याजवळ सरकली. आत हात घालून तिनं नातीचं डोकं चाचपलं. "काय झालं गं? वाचलं नाहीस का?"

"वाचलं की," भिंगरी आतून म्हणाली. "न चुकता वाचलं."

"मग?"

वेटोळं जरा हललं. मग रडका आवाज आला. "मला वाटलं, वाचणं म्हणजे पुस्तक हातात धरून म्हणायचं."

बापानं हातातला घास परत ताटात ठेवला. त्याला स्वतःला तरी वाचणं म्हणजे आणखी काय असतं हे कुठं माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई गल्लीत आल्या. आईबापांशी काय बोलायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं होतं. पण ओट्यापाशी आल्या आणि थांबल्या. चाक फिरत होतं, बाप मागं मागं चालला होता, आणि भिंगरी डोळे मिटून म्हणत होती, "बकरी उडी मारते. बकरी पळून जाते." पलीकडच्या चाकावर तोच धडा. त्यापलीकडंही तोच.

"अगं बाई!" बाई म्हणाल्या आणि दोराच्या वेटोळ्यावरच बसल्या. हसू की रडू, असं झालं त्यांना. "वर्षभर मी कानानंच तपासत राहिले. ही सगळी इथं पाठ करतायत आणि मी तिथं शाबासकी देतेय."

आई लगबगीनं पाणी घेऊन आली. बापानं पेड खुंटीला बांधला आणि अवघडून उभा राहिला.

"चूक पोरीची नाही," बाई म्हणाल्या. "माझी आहे. पण आता महिन्यात करू काय? पहिल्यापासून सुरू करायला वेळ कुठाय?"

"पहिल्यापासून कशाला?" आजी म्हणाली. तिची बोटं टोक बांधत होती, मान वर झाली नव्हती. "बाई, मला अक्षर येत नाही, तेव्हा चुकलं तर सोडून द्या. ही सून घरात आली तेव्हा तिला दोर वळता यायचा, मोजता यायचा नाही. तीस वावांचा दोर हातात दिला की गोंधळायची. मग मी काय केलं, तर दर वावाला एक चिंधी बांधली. चिंधी आली की एक, चिंधी आली की दोन. महिन्याभरात चिंध्या सोडल्या, तरी तिला कळायचं."

"आठ दिवसांत," सून म्हणाली.

"बरं, आठ. तर हिच्याकडं दोर आहे की सगळा. चांगला लांब आहे. त्याला चिंध्या बांधा."

बाई आजीकडं पाहतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांचे तुकडे कापून घेऊन आल्या. दर तुकड्यावर एकच शब्द, मोठ्या अक्षरांत. ही. आमची. बकरी. बापानं गल्लीत छातीएवढ्या उंचीवर एक जुना दोर ताणून दिला. पुठ्ठे कसे टांगायचे हे मात्र बाईंना सुचेना. आईनं दोराचा पीळ अंगठ्यानं जरा उलटा फिरवला, पेडांत फट पडली, तिच्यात पुठ्ठ्याचा कोपरा सरकवला आणि हात सोडला. दोरानं पुठ्ठा गच्च धरला.

मग दुसरीची सतरा मुलं एकामागोमाग दोराकडेनं चालायला लागली. एक पाऊल, एक पुठ्ठा, एक शब्द. सांगायला सोपं होतं. तोंडाला वर्षाची सवय, ते पुढं पळायचं. पाय 'बकरी'वर आणि तोंड 'खाते'वर. लोहाराचा पोरगा तर शेवटचा पुठ्ठा यायच्या आत धडा संपवून रिकाम्या दोराकडं बघत उभा राहिला.

"अरे, तुझी बकरी तुझ्या आधीच घरी गेली!" आई ओरडली, आणि सगळी गल्ली हसली.

बाप चाकावरून बघत होता. म्हणाला, "तोंड लगामात घ्या. हात सुटेल तेवढाच वाख सोडायचा असतो." त्याला वाटलं आपण उगाच बोललो. पण बाईंनी ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. गल्लीतल्या मुलांना ते चटकन कळलं.

चौथ्या दिवशी बाईंनी पुठ्ठे काढून उलटसुलट लावले, 'खाते'च्या जागी एक 'खातो' नवा लिहून. भिंगरी पुढं होती. ती नेहमीच्या सुरात निघाली, "बकरी..." आणि थांबली. पुठ्ठ्यावर दुसरंच काहीतरी होतं. तिनं वाकून पाहिलं. 'पा' ओळखीचा होता. 'ला' ओळखीचा होता. मग पुढचा पुठ्ठा. मग त्यापुढचा. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. सगळे वाट बघत होते.

"पाला," ती म्हणाली. "पाला... बकरी... खातो!"

मग भिंगरीला हसू फुटलं. पाला बकरी खातो! ती खाली बसली पोट धरून. मागचा मुलगा पुढं आला, त्यानंही वाचलं, तोही बसला. एकेक करत पोरं दोराकडेला लोळायला लागली. 'उडी बकरी मारते.' 'आमची ही पळून जाते.' बाई पुठ्ठे बदलायच्या आणि मुलं किंचाळायची. आतापर्यंत पाठ केलेल्या धड्याला कुणी कधी हसलं नव्हतं. आता पुढं काय येणार हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरी आलं की ते त्यांना कळत होतं.

पेटी मात्र अजून कुलपातच होती. "वीसच्या वीस सुस्थितीत परत करायचीत," बाई आजीला म्हणाल्या. "मुलांचे हात तुम्हाला माहीतच आहेत. वाखाची कुसळं, तेल, माती."

"हात धुता येतात," आजी म्हणाली. "वाख ओला झाला तर कुजतो म्हणून आम्ही तो माळ्यावर ठेवतो खरा. पण विंचरायला खाली काढतोच ना? माळ्यावरच्या वाखाचा दोर होत नाही."

बाईंनी गळ्यातला दोरा चाचपला. दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा काखेत फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक होतं. तेच, गाढवाचं.

बापानं चाकाशेजारी दोन खुंट्या ठोकून त्यांवर फळी बसवली आणि पानं वाऱ्यानं उलटू नयेत म्हणून फळीला आडवी सुतळी ताणली. भिंगरीनं राखेनं हात धुतले, पुसले, परत धुतले. पण दांडा फिरवत वाचणं जमेना. शब्द अडला की चाक अडायचं, चाक अडलं की पेड पोकळ.

"हे काय वळतोय मी, शेपूट?" बाप तिकडून ओरडला.

"सर गं," आई म्हणाली आणि वाखाची फळी बाजूला ठेवून तिनं दांडा हातात घेतला. "तू वाच. मी फिरवते."

"आणि वाख कोण विंचरणार?"

"तुम्ही विंचरा रात्रीच्या जेवणाआधी. हात आहेत ना?"

उलटे परत चाकाशी आले. मागं चालायला लागले.

गोष्ट एका गाढवाची होती. ते पुलाला घाबरायचं. पलीकडं बाजार होता, पाठीवर गोणी होती, आणि गाढव काही पुलावर पाय ठेवत नव्हतं. बदक आलं, त्यानं समजावलं. मेंढी आली, तिनं ढकललं. भिंगरी एकेक शब्द सोडवत होती, जसा गुंता सोडवतात तसा. एक ओळ झाली की मागं जाऊन ती परत सलग वाचत होती. परटाचा पंचवीस वावांचा दोर होता. तीन पेड वळले की दोर आखडतो, म्हणून एकेक पेड तेहतीस वाव काढायचा होता. बापानं जमिनीवर खूण केली होती.

"मोठ्यानं!" वीस वावांवरून तो ओरडला.

"मेंढी म्हणाली, पूल... तुला... चावत नाही!"

"मग? गाढव काय म्हणालं?"

"थांबा ना बाबा! पान उलटू द्या!"

आजूबाजूची चाकं एकेक करून थांबली. कुणी ओट्यावर आलं, कुणी दारात. गाढवानं पुलावर एक पाय ठेवला. पूल करकरला. गाढवानं पाय मागं घेतला. बाप मागं चालला होता. खूण केव्हा गेली हे त्याला कळलं नाही. गाढवानं परत पाय ठेवला. त्याची बोटं आपोआप वाख सोडत होती, पाय आपोआप मागं पडत होते, आणि सगळा जीव त्या पुलावर होता. चाळीस वाव संपले. गल्ली संपली. लोहाराचं दार उघडंच होतं.

"गाढवानं... डोळे मिटले... आणि..."

धप्पकन आवाज झाला. उलटे लोहाराच्या पाण्याच्या डोणीत बसले होते. तापलेलं लोखंड विझवायची ती डोण, काळ्या पाण्यानं भरलेली. पण पेड त्यांनी हातातून सोडला नव्हता. दोन्ही हात वर धरून ते बसले होते.

लोहार हातोडा घेऊन तसाच उभा. "काय उलटे, आज माझ्या घरातच बिऱ्हाड थाटायचा विचार आहे का?"

"गप रे," बाप पाण्यातून म्हणाला. मग मान लांब करून ओरडला, "आणि काय गं?"

"आणि पूल ओलांडला!" भिंगरी त्या टोकावरून ओरडली.

गल्लीत जो गलका झाला, तसा पाऊस पडल्यावरसुद्धा झाला नसता.

आता पंचाईत अशी, की एक पेड सात वाव जास्त झाला होता. आई म्हणाली कापा. बाप म्हणाला, चांगला पीळ बसलाय, कापायचा कशाला? पण एक पेड लांब म्हणजे उरलेले दोनही तेवढेच करायला हवेत. म्हणजे आणखी दोन वेळा चालायला हवं. म्हणजे...

"म्हणजे आणखी दोन गोष्टी," भिंगरी म्हणाली.

बाप पिळून काढलेल्या कपड्यांत उभा होता. "कामाचं आहे ते," तो म्हणाला. "हौस नाही कुणाला."

परीट दोर न्यायला आला आणि चिडला. पंचविसाचा सांगितला, तर तिसाचा कुठून आला? आजी म्हणाली, "ने रे. तीन गोष्टींचा दोर आहे. असा परत मिळायचा नाही." कुरकुरत नेला त्यानं. आठ दिवसांनी परीट गल्लीतून जाताना ओट्यापाशी घोटाळला. त्याच्या विहिरीचं पाणी आणखी चार वाव खाली गेलं होतं. "पोचतोय," एवढंच म्हणाला, आणि पुढं गेला. मग मागं वळून म्हणाला, "ते गाढवाचं काय होतं म्हणे?"

महिना असा गेला. वीसपैकी चौदा पुस्तकं गल्लीतून फिरून आली. एकाच्या पानावर तेलाचा अंगठा उमटला, एकाच्या शिवणीचा दोरा सुटला. तो आजीनं न बघता परत शिवला. बाईंनी पहिल्या डागाला डोळ्यांत पाणी आणलं, दुसऱ्याला नुसता सुस्कारा टाकला, तिसरा त्यांच्याच कोपराच्या खडूचा होता.

तपासनीस यायच्या दिवशी गल्लीतली चाकं बंद होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण शाळेच्या तिन्ही खिडक्यांत माणसं होती. उलटे दारात उभे होते, कमरेला वाखाचा भारा तसाच. आपण सहज आलोय, लगेच जायचंय, असं दिसावं म्हणून तो सोडला नव्हता. आईनं आजीला हात धरून आणलं होतं.

साहेबांनी पेटीकडं पाहिलंही नाही. आपल्या पिशवीतून त्यांनी एक पुस्तक काढलं, नवंकोरं, कुणीच न पाहिलेलं. बाईंची बोटं गळ्यातल्या दोऱ्याशी गेली. किल्ली तिथं नव्हती, पेटीला आता कुलूपच नसायचं.

"तीच मुलगी," साहेब म्हणाले.

भिंगरी उठली. हात फ्रॉकला पुसले. पुस्तकाच्या पहिल्या पानावर एक कोंबडी विहिरीत वाकून बघत होती.

"एक... कोंबडी... होती," भिंगरीनं सुरुवात केली. "ती रोज... विहिरीवर... यायची." तिचा हात या वेळी फिरत नव्हता. बोट शब्दांखाली होतं. "एके दिवशी ती..." आणि ती थांबली.

पुढचा शब्द लांब होता. बापानं दाराची चौकट धरली. गेल्या वेळी ती एकदाही थांबली नव्हती आणि तरी ती नापास झाली होती. आता तर ती अडली होती. झालं, त्याच्या मनात आलं. उद्यापासून चाक. त्याला नवल वाटलं, की चाक फिरवायला पोरगी मिळणार याचं आपल्याला इतकं वाईट वाटतंय.

भिंगरीनं बोट मागं नेलं. शब्दाचा पहिला तुकडा ओठांत म्हटला, दुसरा म्हटला, तिसरा. मग मान हलवली आणि मागून ओळ परत घेतली. "एके दिवशी ती कठड्यावरून आत डोकावली. आत दुसरी कोंबडी होती!"

साहेब खुर्चीत पुढं सरकले होते. ते बाईंना हळूच म्हणाले, "अडली."

"हो," बाई म्हणाल्या.

"वाचणारं माणूसच अडतं," साहेब म्हणाले, आणि त्यांनी टाचणवहीत काहीतरी लिहायला घेतलं.

भिंगरी वाचत होती. "कोंबडी म्हणाली, बिचारी विहिरीत पडली. तिला वर काढायला हवं. पण एवढा लांब दोर कुठं मिळेल?"

"किती वाव?" उलटे दारातून म्हणाले.

सगळा वर्ग वळून बघायला लागला. उलट्यांचा चेहरा वाखासारखा पांढरा पडला. मग आजी हसली, मग आई, आणि मग आवरेना कुणालाच. साहेबांनी रुमालानं डोळे पुसले, पाणी हसूनच आलं असणार. त्यांनी वही मिटली, हात पुढं करून भिंगरीच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि तेही मिटलं. "पुरे," ते म्हणाले. "दोन्ही वर्ग इथंच राहतील. तसं लिहिलंय मी."

बाई खाली बसल्या, थेट जमिनीवर. पण गलका अपेक्षेइतका झाला नाही. खिडक्यांतली माणसं साहेबांच्या हातातल्या मिटलेल्या पुस्तकाकडं बघत होती.

"साहेब," उलटे म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "मेहेरबानी झाली. पण... कोंबडीचं काय झालं?"

साहेबांनी पुस्तकाकडं पाहिलं. उघडलं, परत मिटलं. त्यांचे कान लाल झाले. "खरं सांगू?" ते म्हणाले. "मला माहीत नाही. मी पुस्तकं नुसती वाटतो. वाचलेलं एकही नाही."

मग साहेबांनी खुर्ची मागं सारली, मुलांच्या ओळीत लोहाराच्या पोराशेजारी मांडी घालून बसले आणि पुस्तक भिंगरीपुढं धरलं. "वाच गं. पहिल्यापासून."

भिंगरीनं वाचायला घेतलं. एक कोंबडी होती. ती रोज विहिरीवर यायची. शब्द आता जरा लवकर सुटत होते. दारात बाप ऐकत होता. त्याची बोटं कमरेच्या वाखात गेली, आणि मग एक पाऊल मागं पडलं. मग दुसरं. गोष्ट कशी ऐकायची याची त्याला तेवढी एकच रीत माहीत होती. व्हरांडा संपला, पायरी उतरली, अंगण सुरू झालं. तोंड दाराकडं, पाठ गावाकडं.

भिंगरीनं पुस्तकातून डोळे वर केले नाहीत. फक्त आवाज चढवला, त्याच्यापर्यंत पोचेल एवढा.